‘बे’ लागलेले जुने शब्द

वऱ्हाडांत वणी-राजूरच्या बाजूस जमिनीचे जुने कागद चाळतांना एखाद्या गांवापुढें ‘बेचिराग’ असा शेरा आढळला, तर तें गांव कोणी जाळलें असें समजूं नये. फार्सींत ‘बे’ म्हणजे विना आणि ‘चिराग’ म्हणजे दिवा. जेथें सांजवात लावावयास कोणी उरलें नाहीं, तें गांव बेचिराग. मग कारण दुष्काळ असो, पटकी असो, कीं आटलेली विहीर असो. मराठी कानाला ‘चिराग’ परका. त्याचें ‘चिराख’ झालें, त्यांत ‘राख’ दिसूं लागली, आणि बेचिराख म्हणजे जळून खाक हा अर्थ रूढ झाला. तो अर्थ जुन्या कागदावर लादला, म्हणजे उपाशीं पोटीं घर सोडून गेलेल्यांची हकीकत पुसली जाते, आणि कोण्या फौजेवर न केलेल्या जाळपोळीचा आळ येतो. (फौजा फारशा निरपराध नसत, हें निराळें.)

‘बेसुमार’मधील ‘शुमार’ म्हणजे मोजणी. ‘बेलाशक’ तर मौजेचा आहे: ‘ला’ हाही अरबी नकारच. संशय दोनदां नाकारला, तरी अर्थ ‘निःसंशय’ हाच राहिला! बेभान, बेताल यांत ‘बे’ संस्कृत शब्दांस जोडला आहे. ‘बेगम’मध्यें मात्र हा ‘बे’ शोधूं नये. तो शब्द तुर्की आहे. शंका आल्यास माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश उघडावा.