ईस्टरचे पन्नास दिवस आणि कामाचा रविवार

ईस्टर एका रविवारी आटोपत नाही. कॅथलिक उपासनेत तो पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पन्नास दिवस चालतो. त्याआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सगळे मनापासून पाळतात. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागते, दर शुक्रवारी क्रुसाची वाट होते. आनंदाचा काळ त्याहून मोठा असून निसटून जातो. चाकणजवळच्या कुरुळी, चिंबळी, निघोजे भागात कामाला असलेल्यांचा तर जास्तच, आणि त्यात श्रद्धेची उणीव नाही.

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात विजेचा भार विभागावा म्हणून साप्ताहिक सुट्टी गुरुवारी देण्याची पद्धत पडली. तिथे रविवार कामाचा. पहिली पाळी लागली की सकाळची मिस्सा चुकलीच. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत याला वाट आहे: शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते. तेही खरोखर अशक्य असेल, तर घरच्यांनी मिळून प्रार्थना करावी, असे संहिता सुचवते. ही सोय अनेकांना ठाऊकच नसते आणि मिस्सा बुडाल्याची खंत ते उगाच बाळगतात.

ईस्टरच्या या आठवड्यांत वाचली जाणारी शुभवर्तमाने मला या पट्ट्याच्या फार जवळची वाटतात. पुनरुत्थित येशू मंदिरात कुणाला भेटत नाही. मरिया माग्दालेनाला तो बागेचा माळी वाटतो. एम्मावच्या रस्त्यावर दोघे निराश होऊन चालले आहेत, तो त्यांच्याबरोबर चालू लागतो, आणि भाकर मोडेपर्यंत ते त्याला ओळखत नाहीत. योहानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्र आणि त्याचे सोबती आपल्या जुन्या धंद्यावर परतलेले आहेत. रात्रभर जाळे टाकून हाती काही लागलेले नाही. पहाटे किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी आणि भाकर. येशू आधी त्यांना खाऊ घालतो. पेत्राच्या निष्ठेचा प्रश्न त्यानंतर निघतो. रात्रपाळी करून खोलीवर परतणाऱ्याला हा क्रम वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

शहरातली बरीच मराठी कॅथलिक कुटुंबे राहुरी, श्रीरामपूर, संगमनेरकडची आहेत. कुरुळीवरून जाणारा नाशिक रस्ता संगमनेरातूनच पुढे जातो. गावाकडे सगळी वस्तीच सणात असायची. इथे शेजारच्या खोलीत कोणत्या धर्माचा माणूस राहतो, हेही पाळ्यांमुळे कळत नाही.

ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यानच येतो. त्यामुळे १ मे कोणत्याही वर्षी या पन्नास दिवसांत पडतोच. पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये हा दिवस कामगार संत योसेफाचा ठरवला. महाराष्ट्र दिनाची सुट्टीही त्याच दिवशी. धर्मग्रामांनी या दिवशी कामगारांसाठी मिस्सा ठेवावी, तीही पाळ्यांची वेळ विचारून, असे मला कळकळीने वाटते.

त्या मिस्सेत पोप तेरावे लिओ यांच्या १५ मे १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या पत्राबद्दल बोलले जावे. २०२५ च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोपनी लिओ हे नाव घेताना त्याच पत्राचा दाखला दिला. त्यात रास्त मजुरी आहे, कामगारांच्या संघटनेचा हक्क आहे. आणि विश्रांतीचा दिवस सोडून देण्याचा करार कुणी करून घेऊ नये, असेही त्यात बजावले आहे. चाकणला सुट्टी घेतली की त्या दिवसाची मजुरी गमावणाऱ्या कंत्राटी कामगाराला हे त्याच्या चर्चकडून ऐकायला मिळायला हवे.