झटका मशीन पुन्हा पुन्हा का बंद पडते?

ज्वारी हुरड्यावर आली की रानडुकरांचा फेरा सुरू होतो, आणि नेमके त्याच दिवसांत झटका मशीन मुके पडते. तालुक्याला नेले तर दोन-चार दिवस गेलेच. तेवढ्यात पीक आडवे. म्हणून गावची पोरे आता स्वतःच सोल्डरिंग गन हातात घेऊ लागली आहेत. चांगलेच आहे. पण आठ दिवसांत यंत्र पुन्हा बंद, आणि दोष बोर्डाला! बऱ्याचदा दोष असतो सांध्याचा.

नवख्याची पहिली चूक ठरलेली. गनच्या टोकावर शिशाचा थेंब घ्यायचा आणि तुटलेल्या वायरीवर नेऊन थापायचा. दिसायला चिकटतो, पण वायर आणि बोर्डावरची तांब्याची चकती थंडच असल्याने शिसे त्यांना धरत नाही. शिवाय तारेतली राळ वाटेतच जळून गेलेली. यालाच मेकॅनिक लोक 'ड्राय सोल्डर' म्हणतात. बॅटरीच्या फवारणी पंपातही हेच होते. पाठीवर दोन हादरे बसले की वायर सुटलीच.

खरी रीत उलटी आहे. दोन्ही भाग ब्लेडने हलके खरवडून चकचकीत करा. गनचे टोक ओल्या फडक्याला पुसून त्यावर शिशाचा पातळ लेप चढवा. मग टोक वायर आणि चकती दोन्हींना एकदम टेकवा, एक-दोन सेकंद थांबा आणि शिशाची तार सांध्याला लावा, टोकाला नव्हे. शिसे पाण्यासारखे पसरले की आधी तार, मग गन काढा. निवेपर्यंत हलवायचे नाही, फुंकरही नको. ६०-४० शिशाचा चांगला सांधा चमकतो. राखी, खरबरीत गोळा दिसला तर पुन्हा तापवा.

बोर्डाला २५ वॅटची गन पुरते. मोठी गन रेटून धरली तर चकतीच उचकटते. पत्र्याला डाख देण्याचे तेजाब तर बोर्डाजवळ आणूच नका, तांबे हिरवे पडून खाल्ले जाते.

आता जिवाची गोष्ट. बॅटरी काढली तरी झटका मशीनच्या कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्ट साठून राहू शकतात. होल्डरमधल्या जुन्या पिवळ्या बल्बच्या दोन वायरी, रबरी भागाला धरून, त्याच्या दोन पायांना टेकवा. मीटरवर शून्य दिसल्यावरच हात घाला. आणि मशीन दुरुस्त होईना म्हणून कुंपणात घरची लाईन सोडू नका. मशीनचा झटका क्षणाचा असतो. लाईन माणसाला धरून ठेवते.

काम झाल्यावर साबणाने हात धुऊनच भाकरीला बसा, शिसे पोटात जाऊ नये.