धुराड्यातल्या पोरांसाठी लिहिणारा पाद्री

कादंबरीवरून गावाचं नाव पडलेलं ऐकलंय? इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये ‘वेस्टवर्ड हो!’ नावाचं गाव आहे, उद्गारचिन्हासकट! ते नाव आलं चार्ल्स किंग्जली यांच्या १८५५ सालच्या कादंबरीवरून.

किंग्जलींचा जन्म १८१९चा, डेव्हनमधलाच. हॅम्पशायरमधल्या एव्हर्स्ली या खेड्याचे पाद्री म्हणून त्यांनी आयुष्याची तीसेक वर्षं काढली. पण लेखणी चर्चच्या आवारात अडकली नाही. ‘ऑल्टन लॉक’मध्ये (१८५०) त्यांनी लंडनच्या शिंपी कामगारांची पिळवणूक मांडली.

डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ १८५९ मध्ये आला, तेव्हा या पाद्र्याने पत्र लिहून त्याचं मोकळेपणाने स्वागत केलं. डार्विनने त्यांच्या पत्राचा आशय दुसऱ्या आवृत्तीत आवर्जून घेतला.

आणि ‘द वॉटर बेबीज’ (१८६३) ही परीकथेसारखी कादंबरी! तिचा नायक टॉम हा धुराडी साफ करणारा पोर. त्या काळी लहान मुलांना खरोखरच काजळीने भरलेल्या अरुंद धुराड्यांत चढवत. पुढच्याच वर्षी या प्रथेविरुद्ध कायदा झाला, पण तो कागदावरच राहिला. जानेवारी १८७५ मध्ये किंग्जली गेले. परिणामकारक कायदा त्याच वर्षी आला.

परीकथा समजून बाजूला ठेवू नका. टॉमची गोष्ट एकदा नक्की वाचा!