बोलके यंत्र घेण्याआधी पुठ्ठ्याचा प्रयोग

तेलकट हात, हातमोजे आणि कानठळ्या बसवणारी घरघर. तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारागिराला बटणे दाबणे जिकिरीचे होते. तोंडाने सांगितले, हाताने खूण केली आणि यंत्राने ऐकले तर?

कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत एम.आय.टी. येथे रिचर्ड बोल्ट यांनी १९८० साली बोट दाखवून ‘ते तिथे ठेव’ म्हणताच पडद्यावरील आकृती हलवणारी यंत्रणा मांडली. आय.बी.एम.ने तर ऐकणारा टाइपरायटर बनवण्याआधी दुसऱ्या खोलीत टंकलेखक बसवून त्याची चाचणी घेतली!

बोईसर-पालघरच्या बांधवांनीही पैसे ओतण्यापूर्वी हेच करावे. यंत्र बंद ठेवून त्यावर पुठ्ठ्याची पेटी व दिवा बसवावा. आडोशाला एक माणूस बसवावा. हुकूम कळला की त्याने दिवा लावावा. कोण काय बोलतो ते वहीत टिपावे. एक ‘बंद’ म्हणतो, दुसरा ‘रोको’, तिसरा नुसता हात उचलतो. तोच हात सलाम करतानाही उचलला जातो, ही खरी गोम! खर्च एका माणसाच्या रोजाचा.

पुढे खरे यंत्र आले तरी थांबवण्याचे लाल बटण हाताशी ठेवावेच. गोंगाटात हाक ऐकू गेली नाही तर बोटे जातील.