पडद्यावरची आगगाडी वाट कशी चुकत नाही?

आगगाडी रुळांवरून धावते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण संगणकाच्या पडद्यावरील खेळात गाडीखाली रूळ नसले तरी चालते! मग तिला वाट कोण दाखवते?

१९९६ साली अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या कंपनीचा 'क्वेक' हा खेळ निघाला. त्याच्या आज्ञावल्या पुढे सर्वांसाठी खुल्या झाल्या. त्यामुळे आतली युक्ती आपल्याला पाहता येते.

खेळातील जागा रचण्याच्या साधनाला 'लेव्हल एडिटर' म्हणतात. त्यात प्रथम एक ठोकळा तयार करायचा. तीच आपली गाडी. मग वाटेवर ठिकठिकाणी खुणेचे बिंदू ठेवायचे. प्रत्येक बिंदूला नाव असते आणि पुढच्या बिंदूचे नावही त्याच्यापाशी नोंदलेले असते. शेवटच्या बिंदूपाशी पहिल्याचे नाव लिहिले, की गाडी फेऱ्या मारू लागते.

आता थोडे गणित. समजा, दोन बिंदूंतील अंतर ३०० एकके आणि वेग सेकंदाला १०० एकके आहे. अंतराला वेगाने भागले, की वेळ मिळते : ३ सेकंद. गाडी सलग सरकत नाही. चित्रपटातल्या चौकटींप्रमाणे संगणक तिला क्षणाक्षणाला थोडी पुढे ठेवतो. या बारीक पावलांत दशांशांची किंचित चूक राहते. ती साचत गेली, तर गाडी हळूहळू वाटेवरून ढळेल. म्हणून ठरलेली वेळ संपताच संगणक गाडीला नेमकी बिंदूवर आणून बसवतो. चूक पुढच्या टप्प्यात जातच नाही.

दुसरा प्रश्न प्रवाशाचा. बस सुरू होते तेव्हा आपले पाय तिच्याबरोबर जातात, ते घर्षणामुळे. संगणकाच्या जगात घर्षण आपोआप मिळत नाही. म्हणून प्रत्येक पावलाला तो तपासतो : ठोकळ्यावर कोण उभे आहे? ठोकळा जितका सरकला, तितकेच त्यालाही सरकवतो. हे केले नाही, तर गाडी पायांखालून निघून जाईल! गाडी आणि भिंत यांच्यामध्ये कोणी सापडले, तर संगणक ते पाऊल रद्द करून गाडीला मागच्या जागी नेतो.

१९९८ सालच्या 'हाफ-लाइफ' या खेळाची सुरुवातच अशा गाडीतील प्रवासाने होते. त्याचा पायाही 'क्वेक'च्याच आज्ञावल्यांवर रचलेला होता.

आता वहीत ३०० × २०० एककांचा आयत काढा आणि चार कोपऱ्यांना बिंदू माना. वेग १००, प्रत्येक बिंदूवर थांबा २ सेकंद. एक फेरी किती वेळात होईल? (उत्तर : १८ सेकंद.)