रस्त्याकडेच्या गवताची पन्नास वर्षे

ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला पहिल्या पावसानंतर कोणी न लावता टाकळा, कुर्डू, आघाडा, तेरडा आणि अनेक जातींचे गवत उगवते. टाकळ्याची कोवळी पाने रानभाजी म्हणून बाजारात येतात आणि त्याच पानांवर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. उंच गवतात वटवट्या घरटे करतो. सुगरण गवताच्या पात्यांच्या पट्ट्या काढून खोपा विणते. सप्टेंबर-ऑक्टोबरात गवताला बी धरले की मुनियांचे थवे त्यावर उतरतात.

राज्यात १९७५ साली नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुढे ठाणे (१९८२) आणि कल्याण-डोंबिवली (१९८३) या महापालिका स्थापन झाल्या. झाडे तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागू लागली, हा मोठाच लाभ होता. मात्र कायद्याने संरक्षण दिले ते खोड असलेल्या बहुवार्षिक वनस्पतीला. गवत त्यात बसत नव्हते. लागवडीत गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष अशा झपाट्याने वाढणाऱ्या परदेशी झाडांना पसंती मिळाली. ती अगदीच निरुपयोगी नव्हती, त्यांच्या वाळक्या फांद्यांत तांबट ढोली कोरतो. पण उन्हाळ्याच्या तोंडावर मध देणारे पांगारा, पळस, काटेसावर आणि फळांनी लगडणारा उंबर मागे पडले, हे पक्ष्यांचे खरे नुकसान होय.

पुढच्या काळात घोडबंदर रस्ता आणि कल्याण-शीळ रस्ता रुंद झाले, घोडबंदरला मेट्रोचे खांब आले. उरलेल्या कडेवर पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट थेट बुंध्यापर्यंत पोचले. झाडाभोवती मीटरभर जमीन मोकळी ठेवावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात दिला. २०१५ च्या हरित महामार्ग धोरणाने प्रकल्पखर्चाचा १ टक्का लागवडीसाठी राखला. राज्याचे वृक्षलागवडीचे उद्दिष्ट २०१६ मधील २ कोटींवरून २०१९ मध्ये ३३ कोटींवर गेले. १९७५ च्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावणे बंधनकारक केले. या प्रत्येक टप्प्यावर मोजली गेली ती रोपे. त्यांच्याभोवतीचे गवत साफसफाईत जाणारी वस्तूच राहिले.

परदेशात विचार वेगळ्या वाटेने गेला. ब्रिटनमध्ये 'प्लँटलाइफ' ही संस्था रस्त्याकडेचे गवत कमी वेळा आणि उशिरा कापावे, असा आग्रह धरते. कोकणातल्या पावसाला हेच सूत्र लावले तर मुख्य कापणी बी गळून गेल्यावर, नोव्हेंबरात येते. वळणांवर आणि डांबराला लागून मीटरभर पट्टा पावसाळ्यातही आखूड ठेवावा लागतो, कारण चालकाला समोरचे दिसणे महत्त्वाचे. कापलेले गवत उचलून नेल्यास उन्हाळ्यात वणव्याला इंधन उरत नाही. गाजरगवत आणि रानमोडी ही तणे मात्र फुलण्याआधीच मुळासकट उपटायला हवीत, नाहीतर उशिराच्या कापणीचा फायदा त्यांनाच मिळतो.

फांद्यांच्या छाटणीचेही वेळापत्रक तपासावे लागते. पावसाळ्यापूर्वीची छाटणी बहुधा एप्रिल-मेमध्ये होते आणि कावळ्यांची घरटी नेमकी तेव्हाच भरलेली असतात. त्यांतच कोकिळेची अंडी असतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित रानपक्ष्याचे घरटे किंवा अंडी विस्कटणे ही शिकारच मानली आहे. गवतातली वटवट्याची घरटीही त्या व्याख्येत येतात. धोकादायक फांदी सोडून बाकीची छाटणी विणीचा हंगाम उलटल्यावर, हिवाळ्याच्या सुरुवातीला करता येते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, कामाच्या आदेशातला महिना बदलावा लागतो.