तापाचे कारण रक्तात शोधा

वर्षावास सुरू झाला की विहारात ग्रंथवाचनाला गर्दी होते आणि नेमक्या त्याच दिवसांत घरोघरी कोणीतरी हुडहुडी भरून पडलेले असते. द्रोणागिरी म्हटले की लोकांना संजीवनीच्या डोंगराची कथा आठवते. आम्हाला आठवते ते इथले साचलेले पाणी. एकीकडे न्हावा शेवा बंदर, दुसरीकडे खाडी आणि मध्ये भराव घालून सिडकोने वसवलेले नगर. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत लोकल सुरू झाली. बांधकामे चालू आहेत आणि पोटासाठी विदर्भ-मराठवाड्यातून आलेले बांधव त्याच बांधकामांच्या आडोशाला राहतात.

ताप आला की काही घरांत अजून दृष्ट काढतात, अंगारा लावतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला हे शोभत नाही. दुःखाला कारण असते आणि ते दूर करता येते, हे तथागतांनी शिकवले. हिवतापाचे कारण १८८० साली लॅव्हरान यांना रुग्णाच्या रक्तात दिसले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी ते डासाच्या पोटात पाहिले.

हे कारण म्हणजे एका पेशीचा परजीवी. स्वतः कमवायचे नाही, दुसऱ्याच्या देहावर जगायचे, हा त्याचा धर्म. अ‍ॅनोफिलिस डासाची मादी चावली की तिच्या लाळेतून तो रक्तात येतो आणि तासाभराच्या आत यकृतात लपतो. आठ-पंधरा दिवस तिथे वाढून हजारोंच्या संख्येने बाहेर पडतो व तांबड्या पेशींत शिरतो. आतले रक्तद्रव्य खाऊन सुमारे ४८ तासांत पेशी फोडतो. पेशी फुटल्या की थंडी वाजते, ताप चढतो, घाम येऊन उतरतो. म्हणूनच हा ताप पुष्कळदा दिवसाआड येतो.

शरीरही स्वस्थ बसत नाही. ताप हा त्याच्या प्रतिकाराचाच भाग आहे. प्लीहा बिघडलेल्या पेशी गाळून काढते आणि या कामात ती सुजते. पांढऱ्या पेशी प्रतिद्रव्ये तयार करतात. परंतु फॅल्सिपेरम जातीचा परजीवी आपल्या खुणा बदलत राहतो. कालची ओळख आज उपयोगी पडत नाही. त्याने ग्रासलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांना चिकटतात. मेंदूत असे झाले तर जीवावर बेतते. व्हायव्हॅक्स जातीचा परजीवी यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहतो आणि ताप पुन्हा उलटतो.

या लढ्याची एक खूण आपल्या रक्तातही आहे. विदर्भातील आदिवासी आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात सिकलसेलचा दोष बऱ्याच जणांत आढळतो. १९५४ साली अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले की आई-बापांपैकी एकाकडूनच हा गुण आलेल्या वाहकाला हिवतापापासून काही संरक्षण मिळते. परजीवी शिरलेली त्याची पेशी विळ्यासारखी वाकते आणि प्लीहा ती लवकर काढून टाकते. जिथे हिवताप माजला तिथे असे लोक जगले, म्हणून हा गुण टिकला. तेव्हा हा पूर्वजन्मीचा भोग नव्हे की कुळाचा कलंक नव्हे. पण दोघांकडून हा गुण आला तर मुलाला सिकलसेलचा आजार होतो आणि अशा मुलाला हिवताप फार जड जातो. आपण लग्नात पत्रिका पाहणे सोडले. आता रक्ताचा अहवाल पाहायला शिकू या. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता २५ टक्के असते.

ताप आला की प्रथम रक्त तपासून घ्यावे. व्हायव्हॅक्ससाठी क्लोरोक्विनबरोबर १४ दिवस प्रायमाक्विन देतात. गरोदर स्त्रिया व तान्ह्या बाळांना ते देत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो आणि खाडा नको म्हणून माणूस कामावर जातो, गोळ्या तशाच राहतात. झोपलेला परजीवी हीच संधी साधतो.

शहरी हिवतापाचा डास गटारात नव्हे, स्वच्छ पाण्यात वाढतो : उघडी टाकी, पिंप, बांधकामावर साठवलेले पाणी. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी कोरडी करावीत, टाकीला झाकण व रात्री मच्छरदाणी असावी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-२१ लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली, ती प्रामुख्याने हिवतापग्रस्त प्रदेशांतील बालकांसाठी. आपल्याला मात्र अजून झाकण आणि जाळी यांचाच आधार आहे.

आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतः स्नान घातले होते. या वर्षावासात वाचन संपल्यावर शेजारच्या झोपडीत कोणी तापाने पडले आहे का, एवढे तरी आपण पाहू या. त्याला तपासणीला नेणे, त्याच्या गोळ्या पुऱ्या करवून घेणे, हेही धम्माचरणच आहे.

जयभीम!